जुनी मातीभांडी विकणाऱ्या ऑनलाइन मंचांना खुले पत्र: आधी तुमचे रकाने बदला

प्रति,
हस्तकला, गृहसजावट आणि जुन्या वस्तू विभागांचे प्रमुख,
ऑनलाइन विक्री मंच

सप्रेम नमस्कार.

जयपूरची निळी फुलदाणी, उत्तर प्रदेशातल्या निजामाबादची काळी सुरई आणि खुर्जाचे कपबशीचे संच, मणिपूरच्या लोंगपीचे हंडे, लोणच्याच्या दुरंगी बरण्या. या वस्तू दुसऱ्या-तिसऱ्या हाताने विकल्या जाण्याचे मोठे ठिकाण आता तुमचे मंच आहेत. मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात गिऱ्हाईक वस्तू हातात घेते, उलटी करून बूड बघते, टिचकी मारते. तुमच्याकडे त्याला दिसतात ते विक्रेत्याने भरलेले रकाने आणि चार-पाच फोटो. आम्ही अशी भांडी पारखतो, त्यांची किंमत ठरवतो, घेतो आणि विकतो. आमच्यातले काही जण डागडुजीही करतात. चुकीच्या वर्णनाचा दोष विक्रेत्याच्या माथी मारणे सोपे आहे. पण आमचे म्हणणे असे की त्यातली पुष्कळशी चूक तुमचा फॉर्मच घडवून आणतो. म्हणून हे पत्र विक्रेत्यांना न लिहिता तुम्हाला लिहीत आहोत.

सर्वांत मोठा घोळ 'हस्तनिर्मित' या एका चौकोनात आहे. त्यावर खूण केली की पुढे बहुधा 'चाकावर घडवलेले' एवढाच पर्याय मिळतो. जयपूरच्या निळ्या भांड्याचे मग काय करायचे? त्यात कुंभाराची नेहमीची माती नसते. क्वार्ट्झची भुकटी हा मुख्य भाग, त्यात कुटलेली काच, मुलतानी माती, साजी (एक क्षार) आणि कतिरा (एक डिंक). या मिश्रणाचे अख्खे भांडे चाकावर घडत नाही. म्हणून त्याची पोळी लाटून ती प्लास्टरच्या साच्यात बसवतात, आत राख भरून दाबतात आणि आकार धरला की राख काढून टाकतात. गळा आणि बूड तेवढे चाकावर करून नंतर जोडतात. मग घासून सारखे करणे, पांढरे अस्तर देणे, ब्रशने नक्षी काढणे, झिलईत (भाजल्यावर काचेसारखा थर होणाऱ्या लेपात) बुडवणे आणि ८०० ते ८५० अंश सेल्सिअसच्या आसपास एकदाच भाजणे. भट्टी लगेच उघडली तर भांडी तडकतात, म्हणून ती दोन-तीन दिवस तशीच निवू देतात. हे सगळे काम हातानेच होते, पण तुमच्या फॉर्मप्रमाणे ते 'चाकावरचे' नाही. त्यामुळे प्रामाणिक विक्रेत्याची वस्तू हस्तनिर्मितच्या यादीतून गळते आणि दुसरा बिनदिक्कत 'चाकावर घडवलेली जयपूर ब्लू पॉटरी' असे लिहून टाकतो. लोंगपीचीही तीच गत. तिथे चाक वापरतच नाहीत.

उलट बाजूनेही बघा. खुर्जाची बहुतेक भांडी साच्यात ओतून किंवा फिरत्या साच्यावर पात्याने आकार देऊन होतात आणि १२०० अंशांच्या आसपास भाजली जातात. अंग पक्के, टिचकी मारली तर खणखणते, टवका उडाला तर आतला भाग घट्ट आणि गुळगुळीत दिसतो. जयपूरच्या भांड्याचा टवका खडीसाखरेसारखा रवाळ आणि पांढरा दिसतो, आवाज बद्द येतो. नक्षीचे तर दहापट मोठे दाखवणाऱ्या साध्या भिंगाखाली लगेच कळते. ब्रशच्या फटकाऱ्यात रंग एका टोकाला दाट आणि दुसऱ्या टोकाला विरळ असतो. छापील चिकटचित्रात सारख्या अंतरावरचे ठिपके किंवा काटेकोर कडा दिसतात आणि तेच फूल दोन ठिकाणी तंतोतंत सारखे येते. खुर्जाचा निळा मग हा उत्तम मग आहे, रोजच्या चहाला जयपूरच्या भांड्यापेक्षा कितीतरी योग्य. दोन्ही गावांच्या कामाला भौगोलिक मानांकन (जीआय, म्हणजे त्या गावाच्या नावाची कायदेशीर नोंदणी) आहे. तरीही खुर्जाचा मग 'जयपूर' नावाने तिप्पट किमतीला चढवलेला तुमच्याकडे रोज दिसतो. त्यात खुर्जाचे नाव पुसले जाते आणि जयपूरचा भाव पडतो. ज्याने मग विकत घेतला त्याचा समज होतो की जयपूरचे भांडे मायक्रोवेव्हमध्ये चालते, आणि पुढे खरे जयपूरचे भांडे घेतल्यावर ते पहिल्याच आठवड्यात फुटते.

यावर उपाय तीन रकान्यांचा. पहिला, अंग कशाचे: क्वार्ट्झचे मिश्रण, भाजलेली लाल माती, धुरी देऊन काळी केलेली माती, दगडाची भुकटी, पक्की पांढरी चिनी माती. दुसरा, घडण कशी: चाकावर, थापून किंवा वळ्या रचून, साच्यात दाबून, साच्यात ओतून, फिरत्या साच्यावर. तिसरा, सजावट: ब्रशने, कोरून, ठसा उमटवून, छापील. 'सांगता येत नाही' हा पर्याय तिन्ही ठिकाणी ठेवा आणि तो निवडला म्हणून नोंद शोधात खाली ढकलू नका. ढकललीत तर कोणीच तो निवडणार नाही, सगळे अंदाजपंचे काहीतरी भरतील.

काळ्या भांड्यांबद्दल मात्र थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण तिथे प्रश्न पैशांपुरता राहत नाही. तुमच्या शोधात 'ब्लॅक पॉटरी' म्हटले की आझमगढ जिल्ह्यातल्या निजामाबादची आणि मणिपूरच्या उखरूल जिल्ह्यातल्या लोंगपीची भांडी एकाच रांगेत येतात, आणि दोन्ही पुष्कळदा स्वयंपाकघराच्या विभागात असतात. लोंगपीचे भांडे सर्पेंटाइन दगडाची भुकटी आणि झिजलेल्या खडकाची माती यांचे असते, प्रमाण साधारण पाचास तीन. हाताने आणि साच्याच्या आधाराने आकार देऊन, उघड्यावर सरपण रचून ते सुमारे ९०० अंशांपर्यंत भाजतात आणि गरम असतानाच स्थानिक झाडाच्या पानांनी घासतात. ते चुलीवर, गॅसवर चढवता येते. ते त्यासाठीच असते. निजामाबादचे भांडे बारीक मातीचे, चाकावरचे. त्यावर वनस्पतींच्या पाल्यापासून केलेला लेप चढवून, मोहरीच्या तेलाने घासून, टोकदार काडीने नक्षी कोरतात आणि बंद भट्टीत धुरावर भाजून काळे करतात. त्यानंतर कोरलेल्या रेघांत जी चंदेरी भुकटी घासतात ती चांदीची नसते. ती जस्त, शिसे अशा धातूंच्या पाऱ्याबरोबर केलेल्या मिश्रणाची असते. नक्षीदार निजामाबादी वाडग्यात दही लावणे किंवा सूप वाढणे योग्य नाही. पण 'किचन अँड डायनिंग'मध्ये नोंदलेला तो वाडगा घेणाऱ्याला हे कळणार कुठून? त्याने तर लोंगपीच्या भांड्याबद्दल चांगले वाचून ही खरेदी केलेली असते.

या दोघांत फरक करणे अवघड नाही. लोंगपीचा पृष्ठभाग जाडसर, राखाडी छटेचा काळा, उजेडात तिरपा धरला तर बारीक चमकणारे कण दिसतात. भिंत जाड, वजन हाताला जाणवते, कानाला अनेकदा वेत गुंडाळलेला असतो. निजामाबादचे अंग पातळ, तुळतुळीत, नक्षी चंदेरी. तिसरा प्रकार म्हणजे लाल मातीच्या भांड्याला काळा ऑइलपेंट आणि चंदेरी पेन. बुडाच्या आतल्या बाजूला, न दिसणाऱ्या ठिकाणी, कापसाच्या बोळ्यावर अ‍ॅसिटोन घेऊन हलके टेकवले तर रंग बोळ्यावर उतरतो. मात्र काही खऱ्या भांड्यांवर चमक आणण्यासाठी लाखेचा हात दिलेला असतो आणि अ‍ॅसिटोन त्यालाही बाधते, म्हणून नुसत्या बोळ्यावर निकाल देऊ नये. टवका असेल तर तो बघावा: धुरी दिलेल्या भांड्यात काळेपणा किंवा करडेपणा आत उतरलेला असतो, रंगवलेल्यात वर काळा पापुद्रा आणि आत लाल माती.

तुमच्याकडून इथे हवे आहे ते एवढेच की 'वापर' हा रकाना सक्तीचा करा: अन्नासाठी, फक्त शोभेसाठी, किंवा तपासलेले नाही. जुनी झिलई असलेल्या कुठल्याही भांड्याला आपोआप 'तपासलेले नाही' लागावे. झिलईतले शिसे डोळ्यांनी कळत नाही. बाजारात मिळणाऱ्या झटपट चाचणीच्या काड्यांनी पृष्ठभागावर शिसे आहे का एवढेच कळते, अन्नात किती उतरते ते कळत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेत ४ टक्के अ‍ॅसेटिक आम्ल भांड्यात २४ तास ठेवून द्रावण तपासतात. दोन हजारांच्या वाडग्यासाठी ही तपासणी कोणी करणार नाही, हे आम्हालाही समजते. म्हणूनच 'शोभेसाठी' लिहिणे हा कमीपणा वाटू नये अशी सोय तुम्ही केली पाहिजे.

आता 'अँटिक'. हा शब्द तुमच्या मंचांवर अक्षरशः फुकट वाटला जातो. वर तपकिरी, खाली पांढरट अशी लोणच्याची बरणी घ्या. गुजरातचा थानगड-वांकानेर पट्टा, खुर्जा अशा ठिकाणी ती कारखान्यांत मोठ्या प्रमाणावर होत आली आहे आणि नवीसुद्धा मिळते. माळ्यावरून काढली, धूळ तशीच ठेवून फोटो घेतला, की ती 'शंभर वर्षांची हस्तनिर्मित मर्तबान' होते. प्राचीन वस्तू आणि कलाठेवा कायदा, १९७२ मध्ये प्राचीन वस्तूची व्याख्या आहे: इतर अटींबरोबर ती निदान १०० वर्षे अस्तित्वात असलेली हवी (हस्तलिखितांना ७५ वर्षे). अशा वस्तूंचा व्यापार करायला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत. म्हणजे 'अँटिक'वर खूण करणारा विक्रेता दोनपैकी एक गोष्ट करतो. वस्तू शंभर वर्षांची नसेल तर तो खोटे लिहितो. खरोखरच असेल तर परवाना क्रमांक दिल्याशिवाय त्याची नोंद प्रसिद्धच व्हायला नको. तुमचा फॉर्म परवाना क्रमांक विचारत नाही, उलट 'परदेशात पाठवण्याची तयारी' हा पर्याय त्याच पानावर देतो. घरातली साधी बरणी परदेशातल्या मुलीला पाठवणारी व्यक्ती मग कस्टममध्ये अडकते, कारण पावतीवर तुमच्याच यंत्रणेने 'अँटिक' छापलेले असते. मग वस्तू प्राचीन नसल्याचा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून आणत बसावे लागते.

याउलट खरोखर जुनी वस्तू ओळखली न जाण्याची भीतीही आहे. आज ज्याला आपण सर ज. जी. कला महाविद्यालय म्हणतो, त्या तेव्हाच्या बॉम्बे स्कूल ऑफ आर्टमध्ये १८७० च्या दशकात जॉर्ज टेरी यांच्या देखरेखीखाली झिलईच्या भांड्यांचे काम सुरू झाले. अजिंठ्याच्या चित्रांवरून घेतलेल्या आकृती, सिंधी धाटणीची झिलई असे ते काम आहे आणि त्यातले काही लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. असे भांडे मुंबई-पुण्याच्या एखाद्या घरातून निघाले आणि 'विंटेज फ्लॉवर पॉट' म्हणून चारशे रुपयांत गेले, तर ते पुन्हा सापडणे कठीण. यासाठी 'वयाचा पुरावा' हा रकाना हवा आणि त्यात ठरावीक पर्याय हवेत: बुडावरची खूण (फोटोसह), खरेदीची पावती, जुना फोटो, तज्ज्ञाचे लेखी मत, किंवा पुरावा नाही. 'आजीच्या काळातली' हा पुरावा होत नाही. वय लिहायचे तर दशकांच्या पट्ट्यात लिहू द्या, 'अंदाजे १९६० ते १९८०' असे. एका वर्षावर बोट ठेवायला लावलेत की लोक मनातले वर्ष टाकतात.

वस्तू कोणी घडवली याचेही तसेच. कृपालसिंह शेखावत यांनी विसाव्या शतकात जयपूरचे निळे काम पुन्हा उभे केले, १९७४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २००८ मध्ये ते गेले. त्यांच्या नावाला भाव आहे, त्यामुळे कुठल्याही निळ्या थाळीपुढे ते नाव जोडले जाते. सही असलेले, त्या कार्यशाळेत झालेले पण सही नसलेले, आणि केवळ त्या पद्धतीचे अशा तीन पायऱ्या वेगळ्या ठेवा. शोधात कलाकाराचे नाव टाकले तर फक्त पहिल्या दोन पायऱ्यांच्या नोंदी येऊ द्या, आणि पहिल्या पायरीसाठी सहीचा जवळून घेतलेला फोटो सक्तीचा करा. सही झिलईखाली आहे की वरून मार्करने केली आहे, हे त्या फोटोत दिसते. झिलईवर रेषा उभारलेली असेल, नखाला लागत असेल, तर शंका घ्यावी.

स्थितीचा रकाना तुमच्याकडे 'उत्तम, चांगली, बरी' असा असतो. भांड्यांसाठी तो निरुपयोगी आहे. विचारायला हवे ते असे: काठावर टवका आहे का आणि किती मिलिमीटरचा, भेग आहे का, ती झिलईपुरती आहे की अंगातून आरपार गेली आहे, कुठला भाग तुटून जोडलेला आहे, जोडायला काय वापरले, वरून रंग दिला आहे का. झिलईतले जाळे आणि अंगाची भेग यांत लोक हमखास गल्लत करतात. जाळे पृष्ठभागावर सगळीकडे पसरलेले असते आणि आतल्या बाजूला त्याच जागी त्याचा माग नसतो. भेग बहुधा काठापासून किंवा सांध्यापासून सुरू होते आणि दोन्ही बाजूंना एकाच जागी दिसते. जयपूरच्या सुरईत पहिली शंका गळा आणि पोट जिथे जोडले आहेत तिथे घ्यावी, दुसरी बुडाच्या कड्याशी.

टिचकीची परीक्षा सरसकट लिहून देऊ नका, काही मार्गदर्शिकांत तशी ती दिलेली दिसते. पक्क्या भाजणीच्या चिनी मातीला ती लागू पडते: खणखणीत आवाज म्हणजे भांडे अखंड, फुटका आवाज म्हणजे आत भेग. जयपूर, निजामाबाद किंवा साध्या लाल मातीच्या भांड्याचा आवाज अखंड असतानाही बद्द येतो. तिथे टिचकीवरून वस्तू फुटकी ठरवणारे गिऱ्हाईक विनाकारण परत पाठवते आणि परतीच्या प्रवासात भांडे खरोखर फुटते.

लपवलेली डागडुजी शोधायला ३६५ नॅनोमीटरची अतिनील टॉर्च पुरते. अंधाऱ्या खोलीत इपॉक्सी आणि नवा रंग भोवतालच्या झिलईपेक्षा वेगळे चमकतात. त्या जागी सुईचे टोक हलके फिरवावे: झिलईवरून ते घसरते, रंगावर अडते. दोन्ही खुणा जुळल्या तरच डागडुजी म्हणावी, कारण काही झिलया स्वतःही चमकतात. जोडण्यासाठी काय वापरले याला किमतीत अर्थ आहे. पॅरालॉइड बी-७२ (डागडुजीत वापरतात ती अ‍ॅक्रिलिक राळ) ने जोडलेला सांधा अ‍ॅसिटोनने सोडवून पुन्हा नीट करता येतो. बाजारातला झटपट डिंक जयपूरच्या सच्छिद्र अंगात झिरपतो, पिवळा पडतो आणि नंतर सांधा मोकळा करायला गेले की काठाचे रवे त्याच्याबरोबर निघून येतात.

किंमत ठरवताना आम्ही आधी एक प्रश्न विचारतो: अशाच मापाची, अशाच दर्जाची नवी वस्तू कारागिराकडून थेट घेतली तर आज किती पडेल? सही नसलेल्या, शंभर वर्षांच्या आतल्या, अखंड भांड्याची पुनर्विक्रीची किंमत सहसा त्याहून खाली असते. तिच्या वर जायला कारण लागते: खात्रीची सही, आता कोणी करत नाही असा आकार, किंवा कागदोपत्री इतिहास. मग स्थितीची वजावट. पाच मिलिमीटरच्या आतला काठाचा टवका असेल तर आम्ही साधारण १५ ते २० टक्के कमी करतो, आरपार भेगेला निम्मीच किंमत धरतो, गळा तुटून जोडलेला असेल तर किमतीचा चौथा हिस्साच. लोंगपीच्या हंड्याला भेग असेल तर तो आचेवर चढवता येत नाही, म्हणून त्याची किंमत शोभेच्या वस्तूइतकीच. हे आमचे अदमास आहेत आणि दुसऱ्या पारख्याचे आकडे थोडे वेगळे असतील, पण सुरुवात कुठून करायची याबद्दल वाद असण्याचे कारण नाही.

इथे तुमची मदत निर्णायक ठरू शकते, कारण खरे आकडे तुमच्याकडेच आहेत. आज विक्रेत्याला दिसते ती दुसऱ्याने मागितलेली किंमत. निळी थाळी कोणी २५,००० ला लावली आहे, म्हणून पुढचा २२,००० ला लावतो. दोन्ही थाळ्या दोन वर्षे पडून राहतात आणि हाच 'बाजारभाव' असल्याचा समज पक्का होतो. गेल्या बारा महिन्यांत प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या वस्तूंची किंमत, अंग, माप आणि स्थितीसह, नावे न देता दाखवा. परत आलेले व्यवहार त्यातून वगळा. एवढे केले तर किमती आपोआप जमिनीवर येतील आणि चांगल्या वस्तूला चांगली किंमत मागणाऱ्यालाही आधार मिळेल.

कराचा एक मुद्दा थोडक्यात. जुना माल विकत घेऊन तसाच विकणाऱ्या नोंदणीकृत व्यापाऱ्याने खरेदीवरचे क्रेडिट घेतलेले नसेल, तर केंद्रीय जीएसटी नियम ३२(५) नुसार कर खरेदी आणि विक्री यांतल्या फरकावर लागतो. पण तुमच्या बिलाच्या साच्यात पूर्ण किमतीवर कर लावण्याखेरीज दुसरी वाट नसेल, तर छोटा विक्रेता एक तर तोटा सोसतो नाहीतर बाहेर रोखीत विकतो. बिल करताना हा पर्याय द्या.

पाठवणीबद्दल मात्र सविस्तर लिहावेच लागेल, कारण भांडी सर्वांत जास्त तिथेच जातात. कुरियर वजन आकारमानावर धरतो: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बहुधा ५००० ने भागायचे. ४० सेंटिमीटरच्या चौकोनी खोक्याचे वजन १२.८ किलो होते, आतली सुरई दोन किलोची का असेना. तुमचा फॉर्म फक्त वस्तूचे वजन विचारतो आणि त्यावर पाठवणीचा खर्च दाखवतो. फरक विक्रेत्याच्या खिशातून जातो. पुढच्या वेळी तो खोके लहान घेतो, आणि लहान खोक्यात भांडे फुटते. 'बांधलेल्या खोक्याचे माप' हा रकाना घाला. अर्धी फूटतूट तिथेच थांबेल असे आमचे ठाम मत आहे.

बांधणीची रीत अशी. भांडे आधी साध्या बटर पेपरमध्ये गुंडाळावे. वर्तमानपत्र थेट लावू नये, बिनझिलईच्या मातीवर शाई उमटते आणि निघत नाही. त्यावर बबल रॅप, फुगे बाहेरच्या बाजूला. आतल्या बाजूला आले तर लाखेच्या पृष्ठभागावर गोल वळ उमटतात. चिकटपट्टी भांड्याला कधीही लावू नये, निजामाबादच्या नक्षीतली चंदेरी भुकटी पट्टीबरोबर निघून येते. झाकण वेगळे गुंडाळावे. पोकळ पोटात चुरगळलेला कागद सैल भरावा. ठासून भरला तर धक्का बसल्यावर आतून दाब येऊन गळ्याचा सांधा सुटतो. तोटी आणि कान यांच्या मागची पोकळी वेगळी भरावी. मग आतले खोके, आणि ते बाहेरच्या खोक्यात सर्व बाजूंनी निदान पाच सेंटिमीटर भरण ठेवून. बंद खोके हलवले तर काहीही हलल्याचे जाणवू नये. 'नाजूक' असे लेबल लावल्याने खोके उचलण्या-टाकण्याची पद्धत बदलत नाही. लेबलाच्या भरवशावर भरण कमी करू नये. आणि धुतलेली लाल मातीची वस्तू किमान आठवडाभर वाळल्याशिवाय प्लास्टिकमध्ये बांधू नये. अंगात मुरलेले पाणी बाहेर येताना क्षार वर आणते, पांढरी बुकटी धरते, कधी बुरशी येते, आणि गिऱ्हाईक 'बनावट' म्हणून तक्रार करते.

भौगोलिक मानांकनाच्या बाबतीत तुमच्या तपासनीसांकडून दोन टोकांच्या चुका होतात. एकीकडे मानांकनाचे नाव कोणालाही वापरू दिले जाते. दुसरीकडे अधिकृत वापरकर्ता (ते नाव वापरायला नोंदणी झालेला) नसल्याचे कारण देऊन जुनी खरी वस्तू विकणाऱ्याची नोंद काढली जाते. भौगोलिक मानांकनाच्या १९९९ च्या कायद्याचे कलम २२ सांगते की मानांकन असलेला माल कायदेशीररीत्या विकत घेतलेल्याने तो पुढे विकणे हा भंग होत नाही, बाजारात आल्यानंतर मालाची स्थिती बिघडलेली असेल तर गोष्ट वेगळी. म्हणजे जुनी, खरी, अखंड थाळी 'जयपूर ब्लू पॉटरी' म्हणून विकणे योग्य आहे. तीच थाळी फोडून, जोडून, वरून नवी नक्षी रंगवून त्याच नावाने विकणे योग्य नाही. स्थितीचा आणि डागडुजीचा रकाना असेल तर हा फरक तुमच्या तपासनीसालाही करता येईल. शिवाय ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० प्रमाणे वर्णन आणि छायाचित्रे वस्तूशी जुळतात, अशी हमी विक्रेत्याकडून घेणे तुमच्यावर बंधनकारक आहेच. ज्या फॉर्ममध्ये खरे लिहायला जागा नाही, त्यावर घेतलेली हमी कसली?

पुनर्विक्रीतून मूळ कारागिराला काही मिळत नाही, हेही लिहून ठेवतो. कॉपीराइट कायद्याचे कलम ५३अ चित्र, शिल्प, रेखाचित्र आणि हस्तलिखित यांच्या मूळ प्रतीच्या पुनर्विक्रीत निर्मात्याला वाटा देते, तोही किंमत १०,००० रुपयांच्या वर असेल तर. भांड्याचा त्यात उल्लेख नाही. जुन्या वस्तूच्या पानावर त्याच गावच्या आजच्या अधिकृत कारागिरांच्या नव्या कामाची जोडणी देणे तुम्हाला अवघड नाही. कोणत्याही कायद्याची वाट न बघता ते करता येईल.

हे सगळे एकदम करा असे आम्ही म्हणत नाही. फक्त मातीभांड्यांच्या विभागात, अंग, घडण, वापर, वयाचा पुरावा, स्थिती आणि खोक्याचे माप या सहा रकान्यांनी सुरुवात करा. नोंद कशी दिसेल, त्याचा एक काल्पनिक नमुना देतो:

'जयपूर निळी फुलदाणी. अंग: क्वार्ट्झचे मिश्रण. घडण: साच्यात दाबून, गळा आणि बूड चाकावर. सजावट: ब्रशने, कोबाल्ट निळा आणि तांब्याचा फिरोजी. उंची २१.५, तोंड ७, बूड ८.२ सेंमी, वजन ९४० ग्रॅम. बुडावर खूण नाही. वय: अंदाजे १९८० ते २०००, पुरावा नाही. स्थिती: काठावर आतल्या बाजूस ३ मिमीचा टवका (फोटो ६), गळ्याचा सांधा अखंड, अतिनील प्रकाशात डागडुजी आढळली नाही. वापर: फक्त शोभेसाठी, आत पाणी ठेवू नये. बांधलेले खोके: ३८ × २६ × २६ सेंमी. फोटो ढगाळ उजेडात, फ्लॅश न वापरता, बाजूला करड्या रंगाचे कार्ड ठेवून. फोनच्या कॅमेऱ्यात फिरोजी रंग अधिक निळा दिसतो.'

असे रकाने तयार करताना नमुन्याची भांडी, टवक्यांचे जवळून घेतलेले फोटो आणि तपासनीसांसाठी एक दिवसाचे प्रात्यक्षिक आम्ही विनामूल्य द्यायला तयार आहोत. दिवाळीच्या आधी या विभागात नोंदींची गर्दी होते. त्याआधी उत्तर मिळावे ही विनंती.

आपले,
जुनी मातीभांडी पारखणारे, विकणारे आणि डागडुजी करणारे काही जण